पलंगापासून काळ्या घोड्यापर्यंत

प्रवासवर्णन म्हटले की बद्रीकेदार, रामेश्वर, गेला बाजार माथेरान तरी हवे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. आज आम्ही ज्या प्रवासाची हकीकत सांगायला बसलो आहोत, तो मात्र उण्यापुऱ्या दोन किलोमीटरांचा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या घराच्या मागल्या खोलीत, खिडकीखालच्या पलंगावर तो सुरू झाला आणि कमाटीबागेच्या दारासमोरील काळ्या घोड्यापाशी संपला. त्याला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला. वाटेत मुक्काम पुष्कळ झाले.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला महापूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्यात गेला. नदीकाठी राहणाऱ्या आमच्या भाचीचे सामान वरच्या मजल्यावर चढविताना आमच्या छातीत प्रथम कळ आली. ती आम्ही पित्तावर ढकलली आणि सुंठ-साखरेवर दोन महिने काढले. शेवटी नोव्हेंबरात अहमदाबादेच्या एका इस्पितळात तपासणी झाली, हृदयाच्या तीन वाहिन्या तुंबलेल्या निघाल्या आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी आमची बायपासची शस्त्रक्रिया झाली. या शस्त्रक्रियेत छातीच्या मधोमध असलेले हाड करवतीने उभे चिरतात. पायातली शीर आणि छातीच्या आतल्या भिंतीवरची एक रोहिणी घेऊन तुंबलेल्या जागेच्या पुढे रक्ताला नवी वाट काढून देतात. आणि हाड पोलादी तारेने पुन्हा बांधून टाकतात. ती तार आता जन्मभर आमच्या संगतीला आहे. पायाची शीर वापरण्याची ही रीत डॉ. रेने फावालोरो यांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड येथे १९६७ पासून रूढ केली आणि भारतात अशी पहिली शस्त्रक्रिया डॉ. के. एम. चेरियन यांनी १९७५ मध्ये मद्रासला केली. म्हणजे आम्ही कॉलेजात पहिले पाऊल टाकले, त्या सुमारास हे सारे नवलाचे होते. आज आमच्या गल्लीत आमच्यासारखे चौघे आहेत.

आठव्या दिवशी घरी आलो. आणि खरे सांगायचे तर शस्त्रक्रियेपेक्षा हे घरी येणेच अवघड निघाले.

इस्पितळात आम्हांला तिसऱ्या दिवशी उठवून चालविले होते. नळ्या लटकत असताना, एका हाताने सलाईनचा खांब ढकलीत, आम्ही खोलीच्या दारापर्यंत गेलो होतो आणि त्याबद्दल परिचारिकांनी आमचे कौतुकही केले होते. घरी मात्र पलंग भिंतीला लावून, वर नवी चादर घालून, उशाशी घंटा ठेवलेली. शेजारपाजारचे, आप्तेष्ट, जुन्या कचेरीतले सहकारी, सगळे भेटीला आले आणि सगळ्यांनी एकच मंत्र दिला: हलू नका. दुधीचा रस आणणारे आले, अर्जुनारिष्ट आणणारे आले. एका गृहस्थांनी तर, आता जिना म्हणजे शत्रू समजा, असे बजावले. सौ. तर आम्ही कूस बदलली तरी दचकून उठे. या साऱ्यांत माया होती, यात शंका नाही.

हीच माया आम्ही स्वतः आमच्या थोरल्या बंधूंवर केली होती. ती हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

दादांची शस्त्रक्रिया २०१२ मध्ये झाली. उत्तम झाली. पण घरी आल्यावर आम्ही सर्वांनी मिळून त्यांना ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसविले आणि तेथून उठू दिले नाही. पाणी हातात, वर्तमानपत्र हातात, चपला कपाटात. जो तो त्यांना जपत होता आणि त्यांत आमचा आवाज सर्वांत मोठा होता. पहिल्या महिन्यात दादा कुरकुरत. तिसऱ्या महिन्यात कुरकुर थांबली. आम्हांला वाटले, प्रकृती निवळली. एकदा ते म्हणाले, “कमाटीबागेत जाऊन तो देवमासा बघून येऊ या. हिलाही दाखवू.” लहानपणी संग्रहालयातला तो सांगाडा त्यांनीच आम्हांला बोट धरून दाखविला होता. आम्ही म्हणालो, “आधी बरे व्हा, मग जाऊ.” पुढे त्यांच्या पायांतली शक्ती गेली, जेवण तुटले, बोलणे कमी झाले. २०१६ मध्ये ते गेले. शस्त्रक्रियेत बसविलेल्या वाहिन्या अखेरपर्यंत उघड्या होत्या, असे डॉक्टर म्हणाले. त्या वेळी या वाक्याचा अर्थ आमच्या ध्यानात आला नाही.

इस्पितळातून निघताना तेथल्या व्यायामोपचार करणाऱ्या मुलीने आमच्या हाती एक कागद दिला होता. वय पंचविशीचे, बोलणे मात्र आजीचे. कागदावर लिहिले होते: पहिल्या आठवड्यात सपाटीवर पाच मिनिटे, दिवसातून तीनदा, पुढे रोज एकदोन मिनिटे वाढवावी, सहा आठवड्यांत सलग अर्ध्या तासापर्यंत यावे. हाड सांधायला दोनतीन महिने लागतात, तोवर चारपाच किलोंहून अधिक वजन उचलू नये, हातांवर भार देऊन उठू नये, खोकला आल्यास उशी छातीशी घट्ट धरावी, स्कूटर चालवू नये. तीन रंगीत गोळ्यांचे ते श्वासाचे यंत्र दर तासाला ओढावे. छातीत कळ, अचानक दम, धडधड, ताप, जखमेतून पाणी किंवा हाडात कट्कट् आवाज असे काही झाले तर थांबावे व डॉक्टरांना कळवावे. आणि खाली तिने हाताने एक ओळ जोडली होती: “काका, घरचे नको म्हणतील. तरी चाला.”

तो कागद आम्ही घरी आल्यावर तीन दिवस उशीखाली ठेवला होता. चवथ्या दिवशी सकाळी ओसरीवर वहिनी भाजी निवडत होत्या. दादांची आरामखुर्ची तिथेच होती आणि आमच्यासाठी तीवर नवी गादी घातलेली होती. आम्ही खुर्चीकडे पाहिले, वहिनींनी आमच्याकडे पाहिले. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “तुम्ही जा. ह्यांना आपण जाऊ दिले नाही.” एवढेच बोलून त्यांनी पुन्हा मेथीत मान घातली. आम्ही चपला मागितल्या. सौ.ने त्या आणून दिल्या, पण स्वतःच्याही पायांत घातल्या.

पहिला मुक्काम गल्लीच्या तोंडाशी. पाच मिनिटांत जाऊन आलो. चाळीस वर्षे ज्या गल्लीतून आम्ही सायकलीवरून झरकन गेलो, तिला इतका चढ आहे हे तेव्हा कळले. पाण्याचा नळ, पिंपळाचा पार, शिंप्याचे दुकान, प्रत्येक ठिकाण म्हणजे एकेक गाव. शिंप्याने मशीन थांबवून विचारले, “काका, तबियत केम छे?” आम्ही उत्तर द्यायला थांबलो आणि ध्यानात आले, की उत्तर देण्याइतका श्वास शिल्लक आहे.

हीच कसोटी होती. चालताना बोलता यावे, गाता येऊ नये, असे त्या मुलीने सांगितले होते. बोलणेही तुटू लागले तर वेग अधिक. गाणे म्हणता आले तर वेग कमी. नाडी मोजून उपयोग नव्हता, कारण नाडीचा वेग धरून ठेवणारी गोळी चालू होती. कितीही चाललो तरी ती बिचारी मर्यादेतच. म्हणून सौ. वाटेत आमच्याशी वाद घालीत असे आणि आम्हांला पूर्ण वाक्यात उत्तर देता येते का ते पाहत असे. या कामी तिला फारसे कष्ट पडले नाहीत. शिवाय स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रम मोजायची एक पट्टी केली आहे. ती सहापासून वीसपर्यंत जाते. सहा म्हणजे स्वस्थ बसणे, वीस म्हणजे जीव जाईल इतके कष्ट. आमच्यासारख्यांनी अकरा ते तेरा यांच्या दरम्यान राहावे. सौ. विचारी, “किती?” आम्ही म्हणू, “बारा.” भाजीवालीला वाटे, आम्ही तिच्या वालपापडीचा भाव पाडतो आहोत.

विश्रांतीचा मंत्र देणाऱ्या मंडळींनाही दोष कसा द्यावा? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरच हृदयाच्या रोग्याला सहा आठवडे पलंगाला खिळवून ठेवीत. लंडनच्या विल्यम हेबर्डन यांनी अठराव्या शतकात छातीतल्या या कळेचे पहिले नीट वर्णन केले. रोज अर्धा तास लाकूड करवतण्याचे काम स्वतःला लावून घेतलेला एक रोगी जवळजवळ बरा झाला, अशी नोंदही त्यांनीच केली होती. ती पुढे फारशी कोणी मनावर घेतली नाही. १९५२ मध्ये बोस्टनच्या डॉ. सॅम्युअल लेव्हिन यांनी रोग्याला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा ती मोठी क्रांती ठरली. (खुर्ची! ज्या आरामखुर्चीने तिकडे रोगी सुटले, तिनेच आमच्या घरी एक माणूस अडकवून ठेवले.) पुढच्याच वर्षी डॉ. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला: दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार पुष्कळ कमी होत होता. जिना शत्रू म्हणणाऱ्या गृहस्थांना आम्ही हे सांगितले. ते म्हणाले, “लंडनची हवा वेगळी.”

आता देखरेखीखालचा व्यायाम, आहार, औषधे आणि मनाची उभारी यांचा मिळून एक रीतसर कार्यक्रम असतो आणि तो पुरा करणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटतात, असे जगभरच्या पाहण्यांचा एकत्र विचार केल्यावर दिसते. पण अशी केंद्रे मोठ्या शहरांतही थोडी. आम्ही आठवड्यातून एकदा तपासणीला जात असू. बाकीचे सहा दिवस दांडिया बाजार हेच आमचे केंद्र.

आणि त्या कामाला दांडिया बाजाराइतका लायक रस्ता दुसरा नसावा. येथेच जुम्मादादा व्यायाममंदिर, म्हणजे आपला राजरत्न प्रो. माणिकरावांचा आखाडा आहे. लाठी, लेझीम आणि मल्लखांब यांचा ज्यांनी गावोगाव प्रसार केला, त्या माणिकरावांच्या दारावरून दुसऱ्या आठवड्यात आम्ही मिनिटाला पन्नास पावले या गतीने गेलो, तेव्हा थोडी लाज वाटली. आत पोरे दंड मारीत होती. जरा पलीकडे अरविंद निवास. १८९३ ते १९०६ या काळात श्रीअरविंद बडोद्याच्या नोकरीत होते, आणि ते येथे राहिले. तेथल्या झाडाखाली बसून आम्ही श्वास जागेवर आणीत असू. योग्याच्या अंगणात आम्हीही प्राणायामच करीत होतो, असे म्हणायला हरकत नाही.

तिसऱ्या आठवड्यात वाट अडली. पाय ठीक होते. जखम ठीक होती. मनच उठेना. पहाटे जाग येई आणि रडू येई. दूधवाल्याची सायकल पडली, रडू. नातवाचे चित्र पाहिले, रडू. वाचलेले ध्यानात राहीना, जेवणाला चव नाही. आम्ही चार माणसांत ताठ वागणारे. हे कोणाला सांगावे? चार दिवस चपला जागच्या हलल्या नाहीत. या अवस्थेबद्दल इस्पितळात कोणी एक अक्षर बोलले नव्हते, याचा राग आम्हांला अजून आहे. सौ.ने त्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, हे पुष्कळांना होते, बहुधा काही आठवड्यांत ओसरते. दोनतीन आठवड्यांत ओसरले नाही तर डॉक्टरांना सांगायचेच, त्यालाही औषध असते. आणि काकांना म्हणावे, रडत का होईना, पण चाला. मग आम्ही तसेच केले. रुमाल खिशात घेऊन चाललो. दादांची तिसऱ्या महिन्यात थांबलेली कुरकुर म्हणजे काय होते, ते त्या आठवड्यात कळले.

सयाजीराव महाराजही यातून सुटले नव्हते, हे आठवून तेव्हा बरे वाटले. निद्रानाशाने बेजार होऊन १८८७ मध्ये त्यांनी पहिली युरोपयात्रा केली ती हवापालटासाठीच. राजाला युरोप, आम्हांला कोठी. ज्याचा त्याचा वकूब.

जानेवारीत कोठीपर्यंत मजल गेली. त्याच सुमारास तपासणीत सहा मिनिटे चालण्याची परीक्षा झाली. लांब ओसरीत खुणा केलेल्या, त्यांच्यामधून सहा मिनिटांत जमेल तितके जायचे आणि यायचे. डिसेंबरपेक्षा नव्वद मीटर अधिक भरले. मॅट्रिकच्या निकालानंतर कोणत्याही आकड्याचा इतका आनंद झाल्याचे स्मरत नाही.

फेब्रुवारीत कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याच्या पूर्वजांचे हे स्मारक. आतल्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी रंगविलेली गंगावतरण, मीरा आदी चित्रे आहेत. आम्ही बहुतेक वेळा बाहेरच्या भिंतीच्या सावलीतच टेकत असू. तेथून पूल दिसतो. पूल म्हणजे चढ, आणि चढ म्हणजे चौदा-पंधरा. तो आम्ही तीन वेळा अर्ध्यावरून परत आलो. खाली विश्वामित्रीत मगरी आहेत, हे बडोदेकरांना नवे नाही. भर शहरातून मगरींची नदी वाहते, हे पाहुण्यांना सांगताना आपल्याला उगीच अभिमान वाटतो. एके दिवशी काठावर एक मगर ऊन खात पडली होती. सौ. म्हणाली, “पाहा, ती कशी पडून आहे.” आम्ही म्हणालो, “तिला कोणी भेटायला येत नाही, म्हणून.” हे वाक्य एका दमात निघाले. सौ.ने ते मनात टिपून घेतले असावे, कारण दुसऱ्या दिवशी तिने पुलावर मधे थांबूच दिले नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी, सकाळी सव्वासातला घरून निघालो. अरविंद निवासापाशी न बसता कोठी गाठली. कीर्तिमंदिरापाशी दोन मिनिटे. पुलाच्या माथ्यावर तेरा, उतारावर अकरा. आणि समोर काळा घोडा. सयाजीराव महाराजांच्या राज्यकारभाराच्या रौप्यमहोत्सवानिमित्त उभारलेला हा पुतळा आम्ही जन्मापासून पाहत आलो; रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापलीकडे त्याचा कधी विचार केला नव्हता. आम्ही कठड्यापाशी उभे राहिलो आणि त्या घोड्याला मनोभावे नमस्कार केला. जाणाऱ्या दोघांनी वळून पाहिले. एकूण बत्तीस मिनिटे. खिशातला रुमाल कोरडा होता.

वहिनी रिक्षाने मागून आल्या, हातात चहाचा थर्मास. कमाटीबाग १८७९ सालची, महाराज स्वतः सोळा वर्षांचे आणि कारभार दिवाण टी. माधवरावांच्या हाती असतानाची. आत बाकावर आम्ही तिघांनी चहा घेतला. संग्रहालय उघडेपर्यंत बसलो. फुलांच्या घड्याळाभोवती पोरे धावत होती. सून म्हणून बडोद्यात येऊन वहिनींना पंचेचाळीस वर्षे झाली. बागेत त्या शंभरदा आल्या असतील, पण १८९४ सालच्या त्या इमारतीत त्यांनी पाऊल टाकले नव्हते.

देवमासा जागच्या जागी आहे. १९४४ मध्ये महीच्या मुखाशी सापडलेला हा निळा देवमासा. सांगाडा ७२ फुटांचा. त्याच्याखाली उभे राहिल्यावर आमचे लक्ष प्रथम छातीकडे गेले. एवढ्या प्रचंड पिंजऱ्यात मधले हाड, जे आमचे करवतले, ते या जातीत अगदी लहान असते आणि बरगड्यांची पहिली जोडीच काय ती त्याला जोडलेली असते. बाकीच्या बरगड्या मोकळ्या. खोल बुडी मारताना निळ्या देवमाशाचे हृदय मिनिटाला दोनदा एवढ्या मंद गतीने पडते, असे कॅलिफोर्नियाच्या समुद्रात यंत्र चिकटवून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत दिसले. आमची नाडी गोळीच्या कृपेने अठ्ठावन्न. हे सारे आम्ही वहिनींना समजावून सांगू लागलो.

त्यांचे लक्ष नव्हते. त्या शेपटीकडून डोक्याकडे, कठड्याला हात लावीत, सावकाश चालत गेल्या. मग परत आल्या.

“ह्यांनी सांगितला होता त्याहून मोठा आहे,” त्या म्हणाल्या.

सौ.ने थर्मासचे झाकण घट्ट केले. बाहेर ऊन चढू लागले होते. परत जाताना रिक्षा करावी, असे दोघींचे मत पडले; आम्ही पुलापर्यंत चालत जाऊ म्हणालो आणि पुलापर्यंत गेलो.